यामाहा व्ही-मॅक्सची सस्पेन्शन व्यवस्था

यामाहा व्ही-मॅक्सची सस्पेन्शन व्यवस्था म्हणजे जपानच्या यामाहा मोटर कंपनीने १९८५ ते २००७ या काळात बनवलेल्या पहिल्या पिढीच्या व्ही-मॅक्स मोटारसायकलीचा पुढील टेलिस्कोपिक फोर्क, मागील दोन शॉक ॲब्सॉर्बर, स्विंगआर्म आणि त्यांच्याशी निगडित इतर भाग होत. अतिशय शक्तिशाली इंजिन आणि त्यामानाने साधी व मऊ सस्पेन्शन व्यवस्था हे या गाडीचे ठळक वैशिष्ट्य मानले जाते. सरळ रस्त्यावरील वेगवाढीसाठी ती नावाजली गेली. मात्र मोठ्या वेगात वळताना डुलणे, ब्रेक लावताना पुढे झुकणे आणि खराब रस्त्यावर मागील बाजूने हादरे देणे हे दोषही तिच्या नावाशी जोडले गेले.

या पिढीतील सर्वांत नवी गाडीही आता बरीच जुनी झाली आहे. त्यामुळे मूळ रचनेच्या मर्यादांमध्ये भागांच्या झिजेची भर पडलेली आढळते. सस्पेन्शन सुधारताना या दोन गोष्टी वेगळ्या ओळखणे महत्त्वाचे ठरते. प्रथम झीज दूर करणे, त्यानंतर वजनाला अनुरूप स्प्रिंग निवडणे, मग डॅम्पिंग सुधारणे आणि गरज उरल्यासच सांगाड्यात किंवा चाकांत बदल करणे, हा या कामाचा सामान्य क्रम आहे.

## पार्श्वभूमी

१९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकी बाजारपेठेसाठी जपानी कंपन्यांनी मोठ्या क्षमतेच्या व प्रचंड शक्तीच्या दुचाकी बनवण्यास सुरुवात केली. लांब सांगाडा, कमी उंचीचे आसन, रुंद मागील टायर आणि वाऱ्यापासून संरक्षण देणाऱ्या आवरणाचा अभाव ही त्यांची सामान्य लक्षणे होत. अशा गाड्यांना पुढे 'मसल बाईक' असे नाव रूढ झाले. १९८३ ची होंडा व्ही६५ मॅग्ना आणि १९८५ ची कावासाकी एलिमिनेटर ९०० या गाड्याही याच प्रवाहातील होत.

व्ही-मॅक्सचे इंजिन यामाहाच्या व्हेंचर या लांब पल्ल्याच्या गाडीच्या इंजिनावरून विकसित करण्यात आले. ७० अंशांच्या कोनात मांडलेल्या चार सिलिंडरच्या या इंजिनाची क्षमता ११९८ घनसेंमी असून ते द्रवाने थंड केले जाते. 'व्ही-बूस्ट' नावाच्या योजनेत सिलिंडरच्या जोड्यांमधील इंधनमार्ग वरच्या फेऱ्यांवर झडपांनी जोडले जातात. त्यामुळे एका सिलिंडरला दोन कार्ब्युरेटरमधून इंधन-हवेचे मिश्रण मिळू शकते. पूर्ण शक्तीच्या आवृत्तीसाठी कंपनीने सुमारे १४५ अश्वशक्तीचा दावा केला होता. काही देशांत ही गाडी कमी शक्तीच्या स्वरूपात विकली गेली.

गाडीचा हेतू थांबलेल्या स्थितीतून सरळ रेषेत झपाट्याने वेग घेणे हा होता. त्यामुळे सांगाडा आणि सस्पेन्शन यांची रचना त्या काळच्या प्रचलित पद्धतीनेच करण्यात आली. उत्पादनाच्या बावीसहून अधिक वर्षांत या मूळ आराखड्यात फारसे बदल झाले नाहीत. १९९३ च्या आवृत्तीत पुढील फोर्कच्या नळ्यांचा व्यास ४० मिमीवरून ४३ मिमी करण्यात आला आणि पुढील ब्रेकही अधिक सक्षम बसवले गेले. सस्पेन्शनच्या दृष्टीने हाच सर्वांत मोठा बदल होय.

## मूळ रचना

### पुढील फोर्क

पुढील बाजूस टेलिस्कोपिक प्रकारचा फोर्क असून त्याची चाल, म्हणजे दबण्याची कमाल मर्यादा, १४० मिमी आहे. प्रत्येक पायात एक लांब स्प्रिंग आणि डॅम्पर-रॉड असतो. डॅम्पर-रॉड म्हणजे ठरावीक छिद्रे असलेली नळी. फोर्क दबताना किंवा उघडताना त्यातील तेल या छिद्रांतून जबरदस्तीने वाहते आणि हालचालीला अटकाव होतो. सुरुवातीच्या ४० मिमी फोर्कमध्ये वरच्या टोकाला हवा भरण्याची सोय होती. हवेचा दाब वाढवून फोर्क थोडा कडक करता येत असे. परंतु दाब वाढला की ऑइल सीलवरील ताण व घर्षणही वाढते आणि लहान खाचखळग्यांवर फोर्क सहजपणे हलत नाही.

### मागील सस्पेन्शन

मागील बाजूस स्विंगआर्मच्या दोन्ही अंगांना एकेक शॉक ॲब्सॉर्बर आहे. मागील चाकाची चाल सुमारे १०० मिमी, म्हणजे पुढील चाकापेक्षा बरीच कमी आहे. शॉकमध्ये स्प्रिंगचा प्रीलोड आणि डॅम्पिंग हे दोन्ही टप्प्याटप्प्याने बदलता येतात. शॉक कलते बसवलेले असल्यामुळे चाक जितके वर जाते त्यापेक्षा शॉक कमी दबतो. चाकाशी जाणवणारा कडकपणा या गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात ठरतो. उदाहरणार्थ, चाक १० मिमी वर गेले असता शॉक ८ मिमी दबत असेल, तर चाकाशी जाणवणारा कडकपणा मूळ स्प्रिंगच्या ६४ टक्केच असतो. दुसऱ्या गाडीचे शॉक लांबी जुळते म्हणून बसवले तरी अपेक्षित परिणाम मिळत नाही, याचे हे एक प्रमुख कारण आहे.

### शाफ्टचा परिणाम

व्ही-मॅक्समध्ये साखळीऐवजी शाफ्टच्या साहाय्याने मागील चाकाला गती दिली जाते. या रचनेत थ्रॉटल उघडल्यावर गाडीचा मागील भाग वर उचलला जातो आणि थ्रॉटल बंद केल्यावर खाली बसतो. वळणाच्या मध्यावर थ्रॉटल अचानक बंद केल्यास गाडीची मागील उंची एकाएकी कमी होते, जमिनीपासूनचे अंतर घटते आणि तोल बिघडतो. बीएमडब्ल्यूने १९८७ मध्ये आणलेल्या पॅरालीव्हरसारख्या समांतर दांड्यांच्या रचनेमुळे हा परिणाम बराच कमी होतो. व्ही-मॅक्समध्ये अशी योजना नाही.

शाफ्टच्या टोकाशी असलेली गिअरपेटी मागील चाकाबरोबर वर-खाली होते. टायर, रिम, ब्रेक डिस्क आणि ही पेटी मिळून स्प्रिंगखालील वस्तुमान मोठे होते. तीव्र उंचवट्यावरून जाताना हे जड वस्तुमान वर फेकले जाते आणि त्याला पुन्हा रस्त्यावर आणणे शॉकला कठीण जाते. कमी चाल आणि मोठे स्प्रिंगखालील वस्तुमान या दोन कारणांमुळे मागील बाजूचे हादरे पूर्णपणे नाहीसे करता येत नाहीत. ते फक्त कमी करता येतात.

### टायर आणि भूमिती

पुढील टायर ११०/९०-१८ आणि मागील टायर १५०/९०-१५ या मापाचा आहे. व्हीलबेस, म्हणजे दोन्ही आसांमधील अंतर, सुमारे १५९० मिमी आहे. इंधनाची १५ लिटरची टाकी आसनाखाली असून नेहमीच्या जागी दिसणारी 'टाकी' हे केवळ आवरण आहे. या मांडणीमुळे इंधनाचे वजन खाली राहते. परंतु टाकी भरलेली आणि रिकामी असताना मागील बाजूवरील भार बदलतो. त्यामुळे मोजमापे घेताना टाकीतील इंधनाची पातळी लक्षात घ्यावी लागते.

## वर्तनातील दोष

दुचाकीच्या अस्थिरतेचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. पहिल्या प्रकारात हँडल आणि पुढील चाक झपाट्याने थरथरते. त्याची वारंवारता साधारणपणे सेकंदाला ६ ते १० कंपनांची असते. दुसऱ्या प्रकारात संपूर्ण गाडी सापासारखी डावी-उजवीकडे डुलते. ही हालचाल सेकंदाला सुमारे २ ते ४ वेळा होते आणि वेग वाढेल तशी आटोक्यात येणे अवघड होते. व्ही-मॅक्सच्या संदर्भात उल्लेख होतो तो मुख्यतः दुसऱ्या प्रकाराचा. स्विंगआर्मच्या बेअरिंगमधील ढिलेपणा, अशक्त डॅम्पिंग, झिजलेला टायर, सांगाड्याची लवचीकता आणि मागे बांधलेले जड सामान यांपैकी एक किंवा अनेक कारणे त्यामागे असू शकतात.

डुलणे सुरू झाल्यावर हँडल घट्ट धरून ते जबरदस्तीने रोखण्याचा प्रयत्न केल्यास हालचाल वाढण्याची शक्यता असते, कारण चालकाचे हात स्वतःच त्या कंपनाचा भाग बनतात. थ्रॉटल हळूहळू कमी करून वेग उतरू देणे अधिक सुरक्षित मानले जाते.

| लक्षण | संभाव्य कारण | प्रथम तपासणी |
|---|---|---|
| ब्रेक लावताना पुढून 'टक' असा आवाज | हँडलच्या बेअरिंगमधील ढिलेपणा | पुढील चाक उचलून फोर्क मागे-पुढे हलवणे |
| कमी वेगात गाडी सरळ न राहता इकडेतिकडे भरकटणे | हँडलचे बेअरिंग अति घट्ट किंवा खाचा पडलेले | चाक उचलून हँडल मोकळेपणाने फिरते का ते पाहणे |
| मोठ्या वेगात डुलणे | टायर, स्विंगआर्मचे बेअरिंग, अशक्त शॉक | टायरची झीज व हवा, स्विंगआर्मची आडवी हालचाल |
| उंचवट्यानंतर मागील बाजू अनेक वेळा वर-खाली होणे | शॉकचे डॅम्पिंग संपलेले | आसन दाबून सोडणे व उसळ्या पाहणे |
| ब्रेक लावताना फोर्क जवळजवळ पूर्ण दबणे | मऊ किंवा थकलेली स्प्रिंग, कमी तेल | सॅग आणि तेलाची पातळी |
| लहान खाचांवरही हाताला तीव्र धक्का | अति दाट तेल, घर्षण, जास्त हवा | तेलाचा प्रकार, फोर्कच्या नळ्यांची समांतरता |

## आराम आणि नियंत्रण यांचा संबंध

सस्पेन्शन मऊ असले की आराम मिळतो आणि कडक असले की नियंत्रण मिळते, असा समज रूढ आहे. तो पूर्णतः बरोबर नाही. फार मऊ स्प्रिंग चालकाच्या वजनानेच बरीच दबते. त्यामुळे खड्डा येण्यापूर्वीच उपलब्ध चालीचा मोठा भाग खर्च झालेला असतो आणि उरलेली चाल संपताच धातूवर धातू आदळल्यासारखा धक्का बसतो. अशी गाडी मऊ असूनही अंगाला कडक भासते.

मानवी शरीर उभ्या दिशेतील कंपनांपैकी सेकंदाला सुमारे ४ ते ८ कंपनांच्या पट्ट्याला विशेष संवेदनशील असते. संपूर्ण शरीराला जाणवणाऱ्या कंपनांच्या मोजमापासाठी असलेल्या आयएसओ २६३१ या आंतरराष्ट्रीय मानकातही हा पट्टा अधिक महत्त्वाचा धरला आहे. सस्पेन्शनचे काम रस्त्याचा आकार शरीरापर्यंत न पोहोचवता चाकाला रस्त्याशी जोडून ठेवणे हे असते. चाक रस्त्याला चिकटून राहिले तर पकड आणि आराम दोन्ही वाढतात. त्यामुळे योग्य मर्यादेपर्यंत ही दोन उद्दिष्टे एकमेकांच्या विरोधात नसतात. विरोध सुरू होतो तो त्या मर्यादेनंतर.

## सुधारणेचा क्रम

### झिजेची तपासणी

जुन्या गाडीत नवे भाग बसवण्यापूर्वी हँडलचे, चाकांचे आणि स्विंगआर्मचे बेअरिंग तपासले जाते. हँडलच्या बेअरिंगमध्ये सरळ स्थितीत खाच पडलेली असल्यास हँडल मध्यभागी अडकल्यासारखे वाटते. अशा वेळी केवळ नट आवळून उपयोग होत नाही, बेअरिंग बदलावे लागते. स्विंगआर्मचे टोक हातांनी आडवे हलवल्यावर ढिलेपणा जाणवल्यास तो दूर केल्याशिवाय शॉक बदलण्याला अर्थ राहत नाही.

फोर्कमधील तेल कालांतराने पातळ व गढूळ होते आणि त्यात धातूचे बारीक कण मिसळतात. अनेक जुन्या गाड्यांमध्ये हे तेल वर्षानुवर्षे बदललेले नसते. तेल, ऑइल सील आणि झिजलेले बुश बदलल्याने होणारा फरक काही वेळा महागड्या सुट्या भागांपेक्षा अधिक असतो. जोडणी करताना पुढील आस घट्ट करण्यापूर्वी फोर्क काही वेळा दाबून दोन्ही पाय समांतर होऊ दिले जातात. अन्यथा नळ्यांमधील घर्षण वाढते.

### टायर आणि हवा

टायर हा सस्पेन्शनचा पहिला घटक होय, कारण रस्त्याचा प्रत्येक धक्का प्रथम त्यालाच बसतो. मध्यभागी सपाट झालेला टायर वळणात गाडी झुकवताना अडखळतो आणि डुलण्यास कारणीभूत ठरतो. ही गाडी पुष्कळदा वर्षातून थोडेच अंतर चालवली जात असल्यामुळे टायरवरील नक्षी शिल्लक असूनही रबर कडक झालेले आढळते. टायरच्या बाजूवरील संकेताचे शेवटचे चार अंक त्याच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष दर्शवतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा होय. हवेचा दाब टायर थंड असताना मोजला जातो. आराम वाढावा म्हणून दाब शिफारशीपेक्षा बराच कमी ठेवल्यास टायर तापतो, त्याची बाजू लवते आणि अस्थिरता वाढते.

### सॅगचे मोजमाप

चालक बसल्यावर सस्पेन्शन जितके दबते त्याला सॅग म्हणतात. रस्त्यावरील वापरासाठी सॅग एकूण चालीच्या साधारण २५ ते ३५ टक्के असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. त्यानुसार व्ही-मॅक्सच्या पुढील बाजूस सुमारे ३५ ते ४९ मिमी आणि मागील बाजूस २५ ते ३५ मिमी सॅग अपेक्षित असतो.

मोजमापासाठी प्रथम चाक जमिनीवरून उचलून सस्पेन्शन पूर्ण उघडलेल्या स्थितीत दोन ठरावीक बिंदूंमधील अंतर नोंदवतात. त्यानंतर चालक नेहमीच्या पोशाखासह बसल्यावर तेच अंतर पुन्हा मोजतात. दोन्हींतील फरक म्हणजे सॅग. घर्षणामुळे येणारी चूक टाळण्यासाठी एकदा गाडी दाबून हळूच वर येऊ देऊन आणि एकदा उचलून हळूच खाली बसू देऊन अशी दोन मोजमापे घेतली जातात व त्यांची सरासरी धरली जाते. या दोन मोजमापांत मोठा फरक असणे हेच घर्षण जास्त असल्याचे चिन्ह असते.

### फोर्कची स्प्रिंग

सॅग जास्त असल्यास प्रीलोड वाढवून तो कमी करता येतो. परंतु प्रीलोडमुळे स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, केवळ गाडीची उंची बदलते. हा फरक पुढील काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होतो.

पुढील फोर्कवर १४० किलोग्रॅम भार आहे आणि दोन्ही स्प्रिंगांचा एकत्रित कडकपणा प्रति मिमी १.४ किलोग्रॅम आहे, असे मानल्यास प्रीलोडशिवाय फोर्क १०० मिमी दबेल. २५ मिमी प्रीलोड दिल्यास सॅग ७५ मिमी, म्हणजे चालीच्या निम्म्याहून अधिक राहतो. ब्रेक लावल्यावर आणखी ७० किलोग्रॅम भार पुढे आला तर फोर्क अजून ५० मिमी दबतो आणि १४० पैकी १२५ मिमी चाल संपते. त्याऐवजी एकत्रित कडकपणा प्रति मिमी २ किलोग्रॅम असेल, तर त्याच प्रीलोडवर सॅग ४५ मिमी राहतो आणि ब्रेक लावल्यावर एकूण ८० मिमी चाल वापरली जाते. खड्ड्यासाठी पहिल्या स्थितीत १५ मिमी, तर दुसऱ्या स्थितीत ६० मिमी चाल शिल्लक उरते. कडक स्प्रिंगमुळे आराम वाढू शकतो, तो अशा प्रकारे. हवेच्या स्प्रिंगसारख्या परिणामामुळे व घर्षणामुळे प्रत्यक्षातील आकडे काहीसे वेगळे येतात.

बाजारात दोन प्रकारच्या स्प्रिंग मिळतात. एका प्रकारात कडकपणा सर्वत्र समान असतो. दुसऱ्या प्रकारात वेटोळ्यांमधील अंतर बदलत जात असल्याने दबत जाईल तसा कडकपणा वाढतो. वाढत्या कडकपणाची स्प्रिंग वेगवेगळ्या वजनांना सामावून घेते. समान कडकपणाच्या स्प्रिंगला अनुरूप डॅम्पिंग ठरवणे मात्र अधिक सोपे असते.

### फोर्कचे डॅम्पिंग

छिद्रांतून वाहणाऱ्या तेलाचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हालचालीचा वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. यामुळे डॅम्पर-रॉडच्या फोर्कमध्ये एक मूलभूत अडचण येते. ब्रेक लावल्यावर फोर्क हळू दबतो, तेव्हा विरोध अपुरा पडतो. तीव्र खड्ड्यावर तो झपाट्याने दबू पाहतो, तेव्हा विरोध अतोनात वाढतो आणि धक्का हातांपर्यंत पोहोचतो. अधिक दाट तेल वापरल्यास पहिला दोष कमी होतो, पण दुसरा वाढतो. म्हणून तेलाचा दाटपणा हा मर्यादित उपाय मानला जातो.

या अडचणीवर 'इम्युलेटर' नावाची झडप वापरली जाते. ती डॅम्पर-रॉडच्या वरच्या टोकावर बसते आणि मुख्य स्प्रिंगच्या दाबाने जागेवर राहते. रॉडमधील छिद्रे मोठी करून किंवा त्यांची संख्या वाढवून तिथला विरोध काढून टाकला जातो आणि दबण्याच्या दिशेतील नियंत्रण झडपेकडे सोपवले जाते. हालचाल मंद असताना झडप बंद राहून विरोध करते. तीव्र धक्क्याच्या वेळी ती उघडून तेलाला मोकळी वाट देते. उघडताना होणारे डॅम्पिंग मात्र तेलाच्या दाटपणावरच अवलंबून राहते. रॉडला पाडलेली छिद्रे पुन्हा मूळ स्थितीत आणणे सोपे नसल्यामुळे मूळ रॉड जपून दुसऱ्या रॉडवर हा बदल करणे इष्ट ठरते.

फोर्कमधील तेलाची पातळी हादेखील समायोजनाचा एक मार्ग आहे. तेलावर कोंडलेली हवा दबताना स्प्रिंगसारखे काम करते. पातळी वाढवली की हवेचे आकारमान घटते आणि चालीच्या शेवटच्या भागात फोर्क अधिक कडक होतो. पातळी नेहमी स्प्रिंग काढून व फोर्क पूर्ण दाबून मोजली जाते आणि दोन्ही पायांत समान ठेवली जाते.

### मागील शॉक

मूळ शॉक सहसा उघडून दुरुस्त करण्याच्या दृष्टीने बनवलेले नाहीत. त्यांतील तेल गळाल्यास किंवा डॅम्पिंग संपल्यास ते बदलले जातात. स्वीडनची ओह्‌लिन्स, जर्मनीची विल्बर्स, ब्रिटनची हेगन आणि अमेरिकेची प्रोग्रेसिव्ह सस्पेन्शन या कंपन्या पर्यायी शॉकच्या निर्मितीसाठी परिचित आहेत. खरेदी करताना चालकाचे वजन, मागे बसणारी व्यक्ती व सामान यांची माहिती देऊन त्यानुसार स्प्रिंग निवडणे हे शॉकच्या किमतीपेक्षा अधिक महत्त्वाचे असते.

चाल केवळ १०० मिमी असल्यामुळे मागील बाजूस चूक सामावून घेण्यास फारशी जागा नसते. फार मऊ स्प्रिंग वारंवार तळाला टेकते. फार कडक स्प्रिंगमुळे जड मागील चाक रस्त्यावरून उसळते. उघडण्याच्या दिशेतील डॅम्पिंग फार वाढवल्यास ओळीने येणाऱ्या खड्ड्यांवर शॉक पूर्ण उघडण्यापूर्वीच पुन्हा दबतो आणि मागील बाजू हळूहळू खाली बसत जाते. हा दोष स्प्रिंग मऊ असल्यासारखा भासतो आणि त्यामुळे चुकीचा उपाय केला जातो. म्हणून एका वेळी एकच बदल करून, त्याच रस्त्यावर त्याच वेगाने चाचणी घेऊन नोंद ठेवणे ही उपयुक्त पद्धत मानली जाते.

### आसन आणि बसण्याची पद्धत

जुन्या आसनातील फोम दबून पातळ झाल्यास चालकाला तळाचा कडक भाग जाणवू लागतो. फोम बदलल्याने बारीक कंपने कमी होतात आणि वजन विस्तृत भागावर पसरते. फार मऊ फोम सुरुवातीला सुखद वाटला तरी लांबच्या प्रवासात पूर्ण दबून त्रासदायक ठरतो. आवरण नसलेल्या या गाडीवर मोठ्या वेगात वाऱ्याच्या दाबामुळे चालक हँडलला लटकतो आणि त्याच्या हातांतून पुढील चाकाला नकळत झटके मिळतात. हँडल थोडे पुढे व खाली घेतल्यास शरीर वाऱ्याविरुद्ध कलते आणि हा परिणाम कमी होतो.

## सांगाडा व भूमितीतील बदल

व्ही-मॅक्सचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आहे. स्विंगआर्मच्या धुरीजवळ जोडण्यात येणारे आधारपट्टे आणि फोर्कच्या दोन पायांना जोडणारा आडवा आधार हे लोकप्रिय बदल आहेत. त्यांमुळे भागांची आपसांतील पिळवटणूक कमी होते. आधार बसवताना पाय एकमेकांकडे ओढले गेल्यास फोर्क अडकतो आणि फायद्याऐवजी तोटा होतो.

काही मालक स्पोर्ट्स बाईकचा उलटा फोर्क, म्हणजे जाड नळी वरच्या बाजूस असलेला फोर्क, बसवतात किंवा मागील १५ इंची रिमऐवजी मोठ्या व्यासाचे रिम लावून रेडियल टायरची निवड वाढवतात. अशा बदलांनी फोर्कचा कल आणि ट्रेल बदलतो. फोर्कच्या रेषेचा जमिनीवरील बिंदू आणि टायरचा जमिनीला स्पर्श होणारा बिंदू यांतील अंतर म्हणजे ट्रेल; तो कमी झाला की हँडल हलके होते, पण सरळ जाण्याची प्रवृत्ती घटते. १५९० मिमी व्हीलबेस असलेल्या गाडीची मागील बाजू सुमारे १४ मिमी उचलल्यास फोर्कचा कल सुमारे अर्ध्या अंशाने बदलतो. लांब शॉक बसवणे किंवा फोर्क त्रिकोणी पकडीतून वर सरकवणे हे साधे वाटणारे बदलही म्हणूनच थोड्या थोड्या प्रमाणात केले जातात. मूळ दोष बेअरिंगच्या ढिलेपणात असेल, तर सांगाडा कितीही मजबूत केला तरी तो झाकला जातो, दूर होत नाही.

## मूळ स्वरूपाचे जतन

पहिल्या पिढीतील गाड्या संग्राह्य ठरू लागल्याने बदलांविषयी दोन भूमिका आढळतात. एका भूमिकेनुसार गाडी कारखान्यातून निघाली त्या स्वरूपात राहावी. दुसऱ्या भूमिकेनुसार ती सुरक्षितपणे चालवता यावी, हे अधिक महत्त्वाचे. फोर्कमधील स्प्रिंग, तेल, झडप आणि शॉक यांचे बदल बाहेरून फारसे दिसत नाहीत व मूळ भाग जपून ठेवल्यास ते उलटवता येतात. सांगाड्यावर वेल्डिंग करणे किंवा पुढील बाजू पूर्ण बदलणे या गोष्टी तशा नाहीत. जर्मनीसारख्या काही देशांत सस्पेन्शन व चाकांच्या बदलांसाठी भागांची अधिकृत मान्यता किंवा वाहनाची स्वतंत्र तपासणी आवश्यक असते.

## दुसरी पिढी

२००८ मध्ये यामाहाने व्ही-मॅक्सची दुसरी पिढी सादर केली. तिचे इंजिन १६७९ घनसेंमी क्षमतेचे असून कंपनीने सुमारे २०० अश्वशक्तीचा दावा केला. या आवृत्तीत ॲल्युमिनियमचा सांगाडा, ५२ मिमी व्यासाचा पुढील फोर्क आणि जोडदांड्यांच्या साहाय्याने काम करणारा एकच मागील शॉक देण्यात आला. पुढील व मागील दोन्ही बाजूंना प्रीलोड आणि डॅम्पिंग बदलण्याची सोय होती. पहिल्या पिढीच्या मालकांनी ज्या उणिवा स्वतः भरून काढल्या, त्यांपैकी अनेकांचे उत्तर या रचनेत आढळते. या पिढीचे उत्पादन २०२० मध्ये थांबले.

## हे सुद्धा पहा

* यामाहा मोटर कंपनी
* मोटारसायकल
* शॉक ॲब्सॉर्बर
* टेलिस्कोपिक फोर्क
* टायर